जमिनीतून निघालेलं लोखंड-तांबं साफ करताना या चुका टाळा

शेतात किंवा पाडलेल्या वाड्याच्या जोत्यापाशी मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) वाजला की बहुतेक वेळा हाती लागते बैलाची नाल, गाडीच्या धावेचा तुकडा किंवा गंजून दगड झालेलं कुलूप. क्वचित एखादी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. मातीत शे-दीडशे वर्षं टिकलेली ही वस्तू वर आल्यावर मात्र तासाभरात खराब होते, कारण कुणी तारेचा ब्रश उचलतो, कुणी चिंच कोळायला घेतो.

साफसफाईच्याही आधीची चूक कायद्याची. संरक्षित किल्ल्याच्या किंवा स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. शिवाय इंग्रजी अमदानीतला १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण कायद्यात तोच आहे. नाणी सापडली असतील तर आधी कळवा, तोवर पाण्याचा थेंबही लावू नका.

लोखंड: गंज दिसतो, मीठ दिसत नाही

घासून, तेल लावून ठेवलेलं कुलूप पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा नारिंगी थेंब गाळू लागतं, पापुद्रे सुटतात. दोष तेलाला दिला जातो. खरं कारण म्हणजे मातीतले क्लोराइड क्षार गंजातून झिरपून आतल्या धातूपर्यंत पोचलेले असतात. हवेतला ओलावा मिळाला की ते पुन्हा कामाला लागतात. म्हणून ब्रशपेक्षा बादली महत्त्वाची. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात धुण्याचा सोडा विरघळवा, वस्तू बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. याला आठवडे नव्हे, महिने लागतात. घाई असेल तर वस्तू साफ करायला घेऊच नये.

विजेने गंज काढायची पद्धत चांगली आहे, पण बहुतेक घोळ तिथेच होतात. आधी चुंबक लावून पाहा. जेमतेम चिकटत असेल तर आत धातू फारसा उरलेलाच नाही. गंज काढला की वस्तूच हातात राहणार नाही. सोड्याच्या पाण्यात वस्तू वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला, भंगार लोखंडी पत्रा धन टोकाला जोडा. तारा उलट झाल्या तर पत्र्याऐवजी तुमची वस्तूच झिजते. सोड्याऐवजी मीठ टाकलं तर विषारी क्लोरीन सुटतो. पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा लावला तर पाण्यात क्रोमियमची घातक संयुगं उतरू शकतात. हायड्रोजनही निघतो, तेव्हा हे काम अंगणात करावं, बंद खोलीत नाही, आणि जवळपास ठिणगी नको. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवणं हा आळशी उपाय झाला. आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं.

धुतल्यावर वस्तू लगेच, पूर्ण वाळवा. थोडा वेळ ओली राहिली तरी ताजा गंज चढतो. क्षार निघाले असतील तर टॅनिनचा, म्हणजे झाडांतल्या तुरट द्रव्याचा, हात द्यावा. त्याने उरलेला गंज काळा, स्थिर होतो. आपल्याकडे हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून केलेली जुनी शाई काळी व्हायची ती याच क्रियेने. वरून मेणाचा पातळ थर द्या.

तांबं: चमक हेच नुकसान

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर रोजच्या तांब्यासाठी ठीक. शिवराईवरचं ‘श्री राजा शिव’ बऱ्याचदा त्या तपकिरी-हिरव्या थरातच टिकलेलं असतं. थर काढला की उरते गुलाबी, खड्डे पडलेली चकती, आणि तिला जाणकार संग्राहक विचारत नाही. गुळगुळीत, घट्ट हिरवा रंग असेल तर हात लावू नका. फिकट हिरवी भुकटी मात्र पुसली तरी पुन्हा येत असेल, तर तिथेही क्लोराइडच आहे. ओलाव्याशी मिळून ते आम्ल तयार करतं आणि धातू पोखरत राहतं. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत याला ऊत येतो. अशी वस्तू वेगळी काढा, डिस्टिल्ड पाण्यात मुरवा, नीट वाळवा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पुड्या अधूनमधून तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात.

शिसं निघालं, उदाहरणार्थ बंदुकीच्या गोळ्या, तर पांढरी पूड विषारी समजा: हातमोजे घाला, घासू नका. प्लायवूडच्या पेटीत त्या ठेवू नयेत, कारण लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शिसं खाते. प्लास्टिकचा डबा चालेल. तोफगोळा पोकळ, आत काही भरलेला वाटला तर तो हलवूच नका, पोलिसांना बोलवा.