धाकटं शिकायला पुण्याला निघालं: सोलापूरच्या आई-वडिलांनी काय-काय करायचं

थोरलं शिकायला गेलं तेव्हा घरात धाकटं होतं, म्हणून घराची घडी मोडली नव्हती. धाकटं गेलं की डबा, क्लास, पहाटेचा गजर हे सगळं एकदम थांबतं. त्यामुळे या वेळी तयारी दोन्ही बाजूंनी करावी लागते, लेकराची आणि आपली. पहिली सगळ्याच घरांत जोरात होते. दुसरी राहून जाते आणि पुढचे दोन-तीन महिने जड जातात.

कागदपत्रं: आधी ओटीपीचं बघा

आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते सगळ्यात आधी तपासा. बऱ्याच घरांत मुलांच्या आधारला वडिलांचाच नंबर असतो. मग मुलगी पुण्यात महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा) फॉर्म भरायला बसते, ओटीपी सोलापुरात वडिलांच्या फोनवर येतो, वडील कामात असतात आणि तोवर ओटीपी बाद होतो. फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल तर हेच प्रकरण अंगावर येतं. निघण्याआधी आधार केंद्रात जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. पंधराव्या वर्षानंतरचं ठसे आणि डोळ्यांचं अपडेट राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरका.

बँक खात्याला आधार जोडलेलं असलं म्हणजे शिष्यवृत्ती जमा होईलच असं नाही. खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, मॅप झालेलं लागतं. मुलाची दोन खाती असतील तर शेवटची जोडणी ज्या खात्याला झाली तिकडे पैसे जातात, आणि घरचे भलतंच पासबुक भरून बघत बसतात. बँकेत विचारताना ‘डीबीटी चालू आहे का’ असंच विचारा.

आरक्षणातून प्रवेश असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअरच्या तारखा बघा. उत्पन्नाचा दाखला पुढेही लागत राहणार आहे, आणि सेतू केंद्राच्या खेपा आता तुमच्याकडे येणार. त्यामुळे त्याच्या जोडकागदांची एक फाइल सोलापुरातच ठेवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा झाला की सहजी हातात येत नाही. जमा करण्याआधी दहा झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा.

मुलींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, मेस आणि डिपॉझिट मात्र त्यात येत नाही. तो खर्च आधीच बाजूला काढा.

सामान: कमी न्या, पण नेमकं न्या

सोलापुरी चादरी दोन द्या, एक पुरत नाही. जाड सुताची चादर जुलै-ऑगस्टच्या पुण्याच्या हवेत वाळायला दोन-तीन दिवस घेते. नवी चादर घरीच एकदा वेगळी भिजवून धुऊन द्या. पहिल्या धुण्यात रंग सुटला तर वसतिगृहातल्या एकाच बादलीतले शर्टही रंगतात.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकरांचं नशीब चांगलं आहे, आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी हे दोन्ही जिन्नस टिकाऊ आहेत. पण हौसेने दोन किलो शेंगा चटणी भरून देऊ नका. दमट हवेत उघडझाक होणारी चटणी महिन्याभरात खवट व्हायला लागते. पाव-पाव किलोच्या दोन बरण्या पुरेत. अर्धा किलो दाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलवत भाजा, पूर्ण गार करा, मग सालं काढा. कोमट असताना कुटले तर डब्यात वाफ धरते. लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या कच्च्या न घालता थेंबभर तेलावर कोरड्या होईपर्यंत परतून घ्या. तीन मोठे चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटा. मिक्सर वापरणार असाल तर थांबत-थांबत फिरवा, सलग फिरवला तर गोळा होतो. प्रत्येक बरणीत एक कोरडा चमचा टाकूनच द्या. चटणी खराब होते ती बहुतेक वेळा ओल्या चमच्याने.

कडक भाकरीला ओल लागली की ती चिवट होते. आठ-दहा भाकरींची एक अशा घट्ट पिशव्या करा आणि त्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे एका वेळी एकच पिशवी उघडेल. धपाटे फक्त पहिल्या दोन दिवसांपुरते.

उरलेलं थोडक्यात. खोलीसाठी स्वतःचं कुलूप, तीन मीटरचा चांगल्या वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, पॅरासिटामॉल, ओआरएस, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी आणि आरोग्य विम्याचं ई-कार्ड फोनमध्ये. पाणी तापवायचा रॉड देऊ नका. बहुतेक वसतिगृहांत त्याला बंदी असते आणि ती योग्यच आहे.

सोडायचा दिवस

दोघांनीच जा. आजी, मामा, थोरला असे सगळे निघाले की खोलीत उभं राहायला जागा उरत नाही आणि निरोप लांबतो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस किंवा वंदे भारत धरली तर अख्खा दिवस हातात मिळतो.

खोली ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च लावून गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे बघा. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. सामान उघडण्याआधीच वॉर्डनला सांगून गादी बदलून घ्या, कारण ढेकूण एकदा बॅगेत शिरले की दिवाळीला घरी येतात. गरम पाण्याची वेळ आणि मेसची सुट्टी विचारा. रविवारी रात्री मेस बहुधा बंद असते, तेव्हा जवळची एखादी खानावळ लेकराबरोबर चालत जाऊन बघून या. अँटी-रॅगिंगचा 1800-180-5522 हा नंबर त्याच्या आणि तुमच्या फोनमध्ये त्याच्यासमोर सेव्ह करा.

कपाट तुम्ही लावू नका. त्याला लावू द्या. आईने लावलेल्या कपाटातली वस्तू कुठे आहे हे विचारायला पुढचे पंधरा दिवस फोन येतात. आणि संध्याकाळच्या जेवणाआधी निघा. पहिलं जेवण खोलीतल्या सोबत्याबरोबर झालं पाहिजे, ओळख त्याच ताटावर होते.

पहिले सहा आठवडे

फोनची एक वेळ ठरवा, रात्री नऊ-साडेनऊ वगैरे, आणि दिवसभर मेसेज करून ‘जेवलास का’ विचारू नका. पहिल्या दोन आठवड्यांत फोनवर रडू येणं साहजिक आहे. तेव्हा ‘ये परत’ म्हणू नका आणि ‘रडतोस काय’ असंही म्हणू नका. नेमकं विचारा: जेवण जात नाही, झोप नाही, की कोणी त्रास देतंय? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्रास असेल तर त्याच दिवशी वॉर्डनला फोन करा, आठवडा थांबू नका. नुसती आठवण येत असेल तर चार आठवडे तरी त्याला घरी बोलावू नका आणि तुम्हीही जाऊ नका. दर शनिवारी गाडीत बसणाऱ्या मुलाची तिकडे मैत्रीच होत नाही.

दोघंच घरी असलेल्या आई-वडिलांना एक फसवणुकीचा फोन हमखास येऊ शकतो: ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठवा.’ यासाठी घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. असा फोन आला की कापा, मुलाला आणि वॉर्डनला लावा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड.

दोघांचं घर

स्वयंपाकाचं माप पहिल्याच आठवड्यात बदला. नाहीतर रोज उरतं, उरलेलं सकाळी दोघंच खातात आणि प्रत्येक घासाला कोण नाही ते आठवतं. दोघांना दिवसाला साधारण चार भाकरी लागतात, म्हणजे अंदाजे अडीचशे ते तीनशे ग्रॅम पीठ आणि वर्षाला एक क्विंटल ज्वारी. चौघांच्या सवयीने दोन क्विंटल मंगळवेढ्याची ज्वारी भरली तर पावसाळ्यानंतर तिला कीड लागते. दळणही तीन-चार किलोचंच आणा. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना तुटते.

पाण्याचंही तेच. सोलापुरात नळ रोज येत नाही, म्हणून पिंपं भरायची सवय हाडात आहे. पण चौघांच्या हिशेबाने भरलेलं पाणी दोघांना संपत नाही, ते आठवड्याच्या वर साठून राहतं आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. निम्मी पिंपं काढून टाका. उरलेली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा आणि कोरडी करा.

मुलाची खोली जशीच्या तशी कुलूप लावून ठेवू नका, अडगळीची खोलीही करू नका. पलंग आणि एक कपाट त्याचं राहू द्या, टेबल तुम्ही वापरायला घ्या.

बारावीच्या वर्षात बंद झालेलं सगळं आता सुरू करा आणि वार ठरवून करा: पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेरी, गुरुवारी अक्कलकोट, हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक. ‘बघू कधीतरी’ म्हटलं की टीव्हीसमोर बसणंच होतं. दोघांपैकी एकाला जास्त जड जातं, आणि जे बोलत नाहीत त्यांना जड जात नाही असं नाही. वडील न बोलता उशिरा घरी यायला लागतात, ते ओळखा.

झोप उडणं, भूक मंदावणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांकडे जा. पंचेचाळिशी-पन्नाशीत बाईची पाळी जायची वेळही हीच असते. रात्री घाम येणं आणि झोपमोड त्यामुळेही होते, तेव्हा सगळं लेकराच्या आठवणीवर ढकलू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. मनाविषयी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दिवाळीची सुट्टी

लेकरू येईल तेव्हा उशिरा उठेल, मित्रांकडे जाईल, पहिले दोन दिवस नुसतं झोपेल. सगळ्या नातेवाइकांच्या घरी न्यायचा बेत आखू नका, एकच दिवस सगळ्यांना घरी बोलवा. जानेवारीच्या गड्ड्याच्या यात्रेला यायलाच हवं असा आग्रहही धरू नका, बऱ्याच कॉलेजांत सेमिस्टरची परीक्षा तेव्हाच असते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं. भाऊबीजेनंतरच्या पुण्याच्या गाड्या येतानाच्या गाड्यांपेक्षाही लवकर भरतात, तेव्हा परतीच्या तारखेचे साठ दिवस वेगळे मोजा आणि ते तिकीट आरक्षण उघडेल त्याच सकाळी काढा.