कोकण किनाऱ्यावर चार दिवस सायकल: सामान स्वस्त, कॅरियर पक्का

मांडव्याला उतरायचं, अलिबाग-मुरूड करत आगरदांड्याला यायचं, फेरीबोटीने दिघी, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वी, पुढे हर्णे, दाभोळहून धोपावे, गुहागर, तवसाळहून जयगड आणि शेवटी गणपतीपुळे. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत केव्हाही निघा. या वाटेवर जवळजवळ प्रत्येक गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. तेव्हा तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह यांतलं काहीही घेऊ नका. 'असू दे, लागलं तर' म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू खाडीनंतरच्या चढावर आठवण करून देते. पाणी धरून ८ किलोच्या वर सामान जात असेल, तर सामान चुकलंय.

सायकल घरात आहे तीच. गिअरची हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरी यांच्या मधली) किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) असली की झालं. एमटीबीचे खडबडीत टायर तेवढे काढून गुळगुळीत घाला. टायर निदान ३५ मिमी रुंद हवा, कारण किनाऱ्याचा रस्ता कुठे चकाचक आणि कुठे नुसती खडी असतो.

सामान पाठीवर घेऊ नका. सॅकेने पाठ भिजते, खांदे भरून येतात आणि सगळा भार सीटवर बसतो. सामान कॅरियरवरच हवं, आणि बहुतेकांचे पैसे पाण्यात जातात तेही इथेच.

नुसत्या सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, आवळायचा कॅरियर विकत घेऊ नका. स्वस्त असतो, दोन मिनिटांत बसतो, म्हणून खपतो. पण त्याला खालून पाय नसतात. भार मर्यादा ९-१० किलो लिहिलेली असली, तरी ती सपाट रस्त्याची समजा. खड्ड्यांवर तो हळूहळू डावी-उजवीकडे फिरतो, आणि बाजूच्या बॅगा लावल्या तर त्या थेट चाकात जातात. दोन्ही बाजूंनी मागच्या आसापर्यंत पाय येणारा अ‍ॅल्युमिनियमचा कॅरियर घ्या. अशांची मर्यादा साधारण २५ किलो असते. ८ किलोसाठी एवढा का? खड्ड्यात आदळताना ८ किलोचे ८ राहत नाहीत म्हणून.

घेण्याआधी फ्रेम बघा. मागच्या आसाजवळ दोन आणि सीटखालच्या नळ्यांवर वर दोन, अशी आटे पाडलेली चार भोकं असतील तर काम सोपं. त्यांत एम-५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट जातो, त्याला ४ मिमीची एलन-की (षटकोनी पाना) लागते. नव्या सायकलीत या भोकांत रंग भरलेला असतो. बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरला पाहिजे. फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका, आटे गेले की फ्रेमच गेली. दुकानातून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून घ्या.

भोकं नसतील तर रबर लावलेले धातूचे पी-क्लॅम्प, म्हणजे नळीभोवती आवळायच्या पट्ट्या, मिळतात. माप चुकलं की ते घसरतात. नळीभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी ३.१४ ने भागा, आलेल्या व्यासाचाच क्लॅम्प आणा. कार्बन फ्रेमवर हा उद्योग नको.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (चकती दाबणारा ब्रेकचा भाग) कॅरियरच्या पायाला अडतो. दुकानदार लांब बोल्ट आणि चार वॉशर घालून 'बसवून' देतो. हा जुगाड नाकारा. बोल्ट जितका बाहेर तितका तो वाकतो, आणि शेवटी फ्रेमलगत तुटतो. तुटलेला तुकडा आत अडकला तर वाटेत काढता येत नाही. डिस्कसाठी पाय बाहेरून वळवलेला कॅरियर वेगळा मिळतो, तोच घ्या.

आता चेनच्या बाजूचा खालचा बोल्ट. तो जास्त लांब असेल तर आतून बाहेर येतो आणि सगळ्यात लहान चकतीवर चेन गेली की तिला घासतो. दुकानात स्टँडवर मधला गिअर असतो, म्हणून हे कळत नाही. कळतं ते पहिल्या उतारावर. बसवल्यावर लहान चकतीवर गिअर टाकून पेडल फिरवा. घासलं तर छोटा बोल्ट लावा. चारही बोल्ट स्टीलचे, प्रत्येकाला वॉशर आणि निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. तरीही पहिल्या २५ किमीनंतर पुन्हा आवळायचेच. दोन बोल्ट जादा घ्या, ते हँडलबारच्या पिशवीत टाकून विसरून जा.

बॅग लावल्यावर सीटवर बसून पेडल उलटं फिरवा. टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे सरकवा, पण थोडीच. भार फार मागे गेला की चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला.

बाजूच्या बॅगांचं बजेट नसेल तर २० लिटरची एक ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी न शिरणारी) कॅरियरवर लांबीला ठेवून बकलच्या दोन पट्ट्यांनी आवळा. चार दिवसांना पुरते. हूकवाली रबरी दोरी नको: ती ताणत जाते, सुटते आणि हूक स्पोकमध्ये अडकतो. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या स्वस्त बॅगा शिवणीतून गळतात. आत कचऱ्याची जाड काळी पिशवी घाला.

मागच्या चाकाचं आऊट (डुगडुग) काढून स्पोक आवळून घ्या. भाराने तुटतात ते मागचे उजवीकडचे.

बाकी हत्यारं: दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, एलन-कीचा संच, छोटा पंप, झिप-टाय. तुमच्या ट्यूबला पातळ तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर नक्की घ्या. चिमूटभर वस्तू, पण ती लावली की कुठल्याही मोटरसायकल पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडू देऊ नका, थोडी थोडी भरून अंगठ्याने दाबून बघा.

पॅडेड शॉर्ट्स एकच चालते, रोज रात्री धुवायची. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

आणि केस बांधायचं एक जाड रबर. भरलेली सायकल साइड स्टँडवर उभी राहत नाही. फेरीबोटीत ती कठड्याला टेकवली की ब्रेकचा लिव्हर दाबून रबर अडकवायचं, म्हणजे धक्क्याला लागताना घरंगळत नाही.