लॉक दाबलं म्हणजे लॉक झालं असं नाही (डिझाईन ऑफिसात नवीन लागणाऱ्यांसाठी)

दरवर्षी पावसाळ्याच्या आसपास डिप्लोमा नायतर इंजिनिअरिंग संपवून पोरं-पोरी बेळगावच्या उद्यमबागेत डिझाईन ऑफिसांना लागतात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं रोज बसनं येणारीपण असतात. कॅड येतं, ड्रॉइंग वाचता येतं, पण जागेवरनं उठताना मशीन लॉक करायचं हे कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी शिकवलेलं नसतं, कारण तिथं लॉक केलं तर उलट लॅबवाले सर ओरडायचे. म्हणून हे लिहायलोय.

आधी लॉकच का, लॉगआऊट का नको ते सांगतो. आपल्याकडं वर्कस्टेशनवर ॲनालिसिसचे रन, म्हणजे डिझाईन तपासायची लांबलचक गणितं, लागलेले असतात, एकेक रन रात्रभर चालतो. लॉगआऊट केलं की टर्मिनलमधनं (कमांड टाईप करायच्या खिडकीतनं) सुरू केलेला रन बहुतेक वेळा त्याच्यासोबतच मरतो. लॉकमध्ये आत सगळं जसंच्या तसं चालू राहतं, फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड बंद. आणि मशीन उघडं ठेवून चहाला गेलात आणि तेवढ्यात कस्टमरचं ड्रॉइंग कुणी पेन ड्राइव्हवर घेतलं, नायतर तुमच्या मेलवरनं काहीतरी पाठवलं, तर लॉगमध्ये नाव तुमचंच दिसणार की. मग बसा सांगत, मी नव्हतो म्हणून.

विंडोजवर विंडोज की आणि एल, झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लिनक्सवर डेस्कटॉप वेगवेगळे असतात, गनोम असेल तर तीच जोडी, सिनेमन किंवा एक्सएफसीई असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एल. जुन्या मशीनवर एक्सलॉक नायतर एक्सस्क्रीनसेव्हर हे लॉकचे प्रोग्राम सापडतील, हा दुसरा जेमी झविन्स्की नावाच्या प्रोग्रामरनं १९९२ साली काढलेला आणि अजून चालू आहे. यात एक घोळ नवीन माणसाचा हमखास होतो. स्क्रीन काळी झाली नायतर त्यावर नक्षी नाचायला लागली म्हणजे लॉक झालं असं वाटतं, पण स्क्रीनसेव्हर वेगळा आणि लॉक वेगळा. किती मिनिटांनी स्क्रीन काळी करायची आणि त्यानंतर किती वेळानं पासवर्ड मागायचा ही दोन सेटिंग वेगवेगळी असतात, दुसरं बंद असेल तर माऊस हलवला की सगळं उघडं. नक्षीबद्दल माझं मत विचाराल तर सरळ ब्लँक लावा, रन चालू असताना त्या थ्रीडी खेळाला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कशाला खायला घालायचं. आणि लगेच पॉवरचं सेटिंगपण बघा, लॉकनंतर काही वेळानं मशीन सस्पेंड होत असेल तर तुमचा रनपण तिथंच झोपणार, सकाळी येऊन बघाल तर काल सोडला तिथंच.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं एक ट्रेनी मुलगी होती, फार व्यवस्थित, उठताना न चुकता कंट्रोल-ऑल्ट-एल दाबायची. एकदा मी मागनं जाताना बघतो तर तिची स्क्रीन उघडीच, कॅडमधल्या असेंब्लीच्या झाडावर (पार्टच्या यादीवर) राइट क्लिक केलेला मेन्यू तसाच लोंबकळत होता. परत आल्यावर म्हणाली, "सर, मी दाबलं होतं की." दाबलं होतंच तिनं, खोटं नव्हतं ते. एक्स ११ वर, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या सिस्टीमवर, लॉक करणारा प्रोग्राम हा बाकीच्यांसारखाच एक साधा प्रोग्राम असतो, तो कीबोर्ड आणि माऊस स्वतःच्या ताब्यात मागून घेतो आणि वर काळी खिडकी टाकतो. पण कुठलातरी मेन्यू उघडा असेल तर कीबोर्ड-माऊस त्या मेन्यूनं आधीच धरून ठेवलेला असतो. मग एकतर तुमचं बटणच लॉकपर्यंत पोचत नाही, नायतर लॉकला ताबा मिळत नाही, आणि तो मुकाट्यानं गप्प बसतो, एरर पण बऱ्याचदा दाखवत नाही. वेळेवर आपोआप होणारं लॉकसुद्धा असंच अडकतं. म्हणून उठायच्या आधी एस्केप एकदा मारा, मग लॉक, मग स्क्रीन बदललेली डोळ्यांनी बघा, मगच खुर्ची मागं ढकला.

याच रचनेमुळं दुसरी भानगड अशी की लॉकचा प्रोग्राम क्रॅश झाला तर खालचा डेस्कटॉप उघडा पडतो. २०२१ च्या जानेवारीत लिनक्स मिंटमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) हे गाजलं होतं, कुणाच्यातरी घरच्या लहान पोरांनी खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दोन्ही धडाधड बडवले आणि स्क्रीनसेव्हरच कोसळला, पासवर्ड न टाकता आत. वेलँडवर, म्हणजे एक्स ११ च्या जागी आलेल्या नव्या सिस्टीमवर, हे सुधारलंय, तिथं स्वेलॉकसारखे प्रोग्राम ज्या पद्धतीनं लॉक करतात त्यात लॉकवाला मेला तरी स्क्रीन बंदच राहते. त्यामुळं अपडेट आलं की घ्या, पुढं ढकलत बसू नका.

आणि ज्यांना काळ्या टर्मिनलवर लॉगिन करून स्टार्टएक्स (ग्राफिक्स सुरू करायची कमांड) मारायची हौस आहे त्यांच्यासाठी. लॉक कितीही घट्ट असू दे, कुणी कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून त्या टर्मिनलवर गेला आणि कंट्रोल-सी मारलं की ग्राफिक्स बंद आणि तुमच्या नावानं कमांड चालवायचा शेल समोर. लॉगिन स्क्रीनवरनंच आत या.

आपल्या भागातली एक खास अडचण म्हणजे लेआऊट. कुणी कन्नडात लेटर टाईप केलेलं असतं, कुणी मराठीत, आणि लेआऊट तसाच राहून मशीन लॉक होतं. परत येऊन पासवर्ड टाकता, दिसतात फक्त ठिपके, आणि चुकीचा चुकीचा म्हणतंय. घाबरून परत परत मारू नका, लिनक्सवर फेललॉक (चुकीचे पासवर्ड मोजून खातं अडवणारी सोय) चालू असेल तर डिफॉल्टला ३ चुकांनंतर १० मिनिटं खातं बंद. आधी कॅप्स लॉक बघा, मग कोपऱ्यात भाषा बघा, विंडोज की आणि स्पेसनं बदलते, गनोमवर पण तेच.

शेअर मशीन लॉक करून घरी जाताना मात्र शिफ्टवाल्याला सांगून जा, नायतर तो वैतागून पॉवर बटण दाबून ठेवतो आणि तुमचा रन गेला. रात्री वॉचमन लाइटी बंद करत फिरतो, काळी स्क्रीन बघून त्याला मशीन बंदच वाटतं, आणि तो हुक्केरीकडचा, मराठी बोलतो पण वाचायला कन्नडच बरं पडतं. म्हणून चिठ्ठीवर दोन्ही लिहा, "रन चालू आहे, बंद करू नका" आणि खाली कन्नड लिपीत "बंद माडबेडी", लिपी येत नसेल तर शेजारच्याकडनं लिहून घ्या. चिठ्ठी सीपीयूवर आणि भिंतीवरच्या स्विचजवळ चिकटवा, मॉनिटरवर नको, मॉनिटर त्यानं बंद केला तर चालतंय.