आईला कॅन्सरच्या तपासणीला कसं न्यायचं

आधी एक. "जायचं का?" असं विचारायचंच नाही, उत्तर ठरलेलं असतं, "मला काय धाड भरलीये". त्यापेक्षा "मंगळवारी की गुरुवारी?" विचारा.

भारतात कॅन्सरने जाणाऱ्या बायकांत सगळ्यात जास्त जातात त्या ब्रेस्ट कॅन्सरने, आणि त्याखालोखाल गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने. 2022 च्या जागतिक अंदाजात पहिल्याचे भारतात वर्षाला साधारण 98 हजार मृत्यू आणि दुसऱ्याचे जवळपास 80 हजार, आणि हे दोन्ही लवकर सापडू शकणारे, म्हणून जास्त चीड येते. माझ्या आत्याची गाठ दुखत नव्हती म्हणून तिने आठ महिने अंगावर काढली. ब्रेस्टमधली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, हे घरात सगळ्यांना सांगा.

आईला अजून पाळी येत असेल तर तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली धरा. दोन दिवस आधीपासून योनीत क्रीम, गोळी काही नको. मॅमोग्राफी (ब्रेस्टचा एक्स-रे) असेल तर त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको, फोटोत त्याचे ठिपके उगाच शंका काढतात.

सकाळी लवकर निघा, पालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपरची लाईन मोठी असते. स्त्रीरोग ओपीडीत "तपासणी करायचीये, त्रास काही नाही" असं स्पष्ट सांगा. मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑन्कॉलॉजीचा, म्हणजे कॅन्सर टाळण्याचा आणि लवकर शोधण्याचा, वेगळा विभागच आहे.

आई घाबरते ती आतल्या तपासणीला. तिला आधीच सांगून ठेवा: पिशवीच्या तोंडाला कापसाने व्हिनेगरसारखं पाणी लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, बस. किंचित चुरचुरतं. ही साधी टेस्ट मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत 1998 पासून दीड लाख बायकांच्या अभ्यासात वापरली, दर दोन वर्षांनी, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्के कमी झाले! फक्त पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर यात नीट दिसत नाही, तेव्हा पॅप किंवा एचपीव्ही टेस्टचं (आतला नमुना घेऊन लॅबमध्ये तपासतात) विचारा. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तारखा बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

मिश्री लावत असेल तर तोंडही दाखवा, ती स्वतःहून सांगणार नाही.

रिपोर्ट आणायला तुम्हीच जा. आत्याचा पहिला रिपोर्ट आम्हाला कपाटात साड्यांच्या खाली सापडला होता.