गोदाघाटावर उतरताना
पावसाळ्यात नाशिकला येणार असाल तर गोदाघाटावर उतरण्याआधी दुतोंड्या मारुतीकडे एकदा बघा. पाणी मूर्तीला कुठवर लागलंय, यावरूनच नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. शहरात लख्ख ऊन असलं तरी वर गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पातळी चढत जाते. तेव्हा सेल्फीसाठी काठावर रेंगाळू नका आणि गाडी तर घाटावर लावूच नका. एरवीही रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवरून पाय सटकतो, आजी-आजोबांचा हात धरा. डुबकी मारा, पण तीर्थ म्हणून ते पाणी पिऊ नका. पोटाची परीक्षा घ्यायला इथली झणझणीत मिसळ आहेच की! काही झालंच, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.