जुन्या गाडीत ऑईलची लाल लाईट लागली तर काय काय बघायचं

चालत्या गाडीत डॅशबोर्डवरची ती तेलाच्या किटलीची लाल लाईट लागली तर पहिलं काम एकच, गाडी साईडला घ्या आणि इंजिन बंद करा. घाट उतरेपर्यंत, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत, घर जवळच आलंय म्हणून, असलं काही नको. क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) आणि बेअरिंगच्या मध्ये ऑईलचा एक पातळ थर दाबामुळे टिकून असतो, तो दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. टोचन करून नेलेल्या गाडीचा खर्च परवडतो, हाफ इंजिनचा (इंजिन उघडून करायच्या मोठ्या कामाचा) नाही परवडत.

खूप जणांना वाटतं ही लाईट म्हणजे ऑईल कमी झालंय. ही लाईट प्रेशरची आहे, लेव्हलची नाही. इंजिनच्या ब्लॉकवर एका वायरचा छोटा स्विच असतो, त्यात पडदा असतो, प्रेशर आलं की पडदा ढकलला जातो, आतला कॉन्टॅक्ट सुटतो आणि लाईट विझते. मारुती ८००, ओम्नी, झेन, इस्टीम अशा गाड्यांत हाच साधा प्रकार. हे स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) प्रेशरला काम करतात, आणि गाडी रस्त्यावर चालताना नॉर्मल प्रेशर याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे लाईट लागली तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलंच असतं, म्हणून ती "बघू नंतर" वाली लाईट नाहीये.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑईल खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाची ऑईलची टाकी) उतरतं. डिपस्टिक काढा, पुसा, परत पूर्ण घाला, मग काढून बघा. लेव्हल खालच्या खुणेच्या खाली असेल तर ऑईल टाका (मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच), आणि ऑईल गेलं कुठे ते शोधा. गाडीखाली वाकून बघा, ड्रेन नट, फिल्टरची कड, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, आणि खुद्द ऑईल स्विच, कारण जुना स्विच फुटून त्यातूनच ऑईल गळतं हे खूप वेळा दिसतं. कुठेच गळत नसेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑईल जाळतंय.

पट्टीवर लेव्हल बरोबर असली तरी ऑईल नीट बघा, वास घ्या. कार्बोरेटरवाल्या मारुतीत मेकॅनिकल पेट्रोल पंप असतो, त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑईलमध्ये उतरतं, लेव्हल उलट वाढलेली दिसते, ऑईल पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा वास, अशा ऑईलमध्ये प्रेशर बनणार कसं. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर कूलंट मिसळतंय, बहुतेक वेळा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं असतं. या दोन्हीपैकी काहीही दिसलं तर गाडी परत सुरू करू नका, आधी ते काम करा आणि ऑईल-फिल्टर बदला.

अजून एक आपल्या रस्त्यांची गोष्ट, चेंबर. मोठ्या स्पीडब्रेकरवर किंवा दगडावर चेंबर आपटलं की ते आत दबतं, आणि आत ऑईल ओढणारी जी जाळी असते तिला पत्रा जाऊन टेकतो. बाहेरून एक थेंब गळत नाही, लेव्हल बरोबर, पण पंपाला ऑईलच मिळत नाही. त्यामुळे लाईट लागायच्या आधी गाडी कुठे आपटली होती का ते आठवा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका, स्टँड लावा.

लाईट नेमकी कधी लागते यावरून बरंच कळतं. फक्त वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर चमकून जात असेल तर बहुतेक लेव्हल कमी आहे, ऑईल एका बाजूला जातं आणि जाळी उघडी पडते, घाटात हे लवकर दिसतं. सकाळी सेल मारल्यावर दोन-तीन सेकंद जास्त राहून विझते तर फिल्टरकडे बघा, हलक्या फिल्टरचा आतला व्हॉल्व्ह ऑईल धरून ठेवत नाही आणि रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. गरम झाल्यावर सिग्नलला आयडलिंगवर लुकलुकते आणि जरा रेस दिली की विझते, हा जुन्या गाड्यांचा सगळ्यात कॉमन प्रकार, यात ऑईल फार जुनं किंवा पातळ ग्रेडचं, आयडलिंग सेटिंग खाली आलेलं, पंप झिजलेला किंवा बेअरिंग सैल, यातलं काहीही असू शकतं. आणि रेस दिल्यावरही लाईट तशीच, सोबत खालून ठकठक आवाज, तर ताबडतोब बंद.

मग येते वायर आणि स्विच. इंजिन बंद, चावी ऑन, लाईट लागलीच पाहिजे. नसेल लागत तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय. जुनी गाडी विकत घेताना हे पहिलं बघा, कारण लाईट लपवायला वायर काढून ठेवलेल्या गाड्या बाजारात असतात. आता स्विचवरची वायर काढा, लाईट विझली पाहिजे, वायरचं टोक ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवा, परत लागली पाहिजे. वायर काढूनही लाईट चालूच असेल तर वायर कुठेतरी घासून किंवा वितळून बॉडीला अर्थ होतेय, ती शोधा.

इथे एक गडबड बरेच जण करतात. चालू इंजिनमध्ये वायर काढली, लाईट विझली, म्हणजे स्विच खराब, असं ठरवून मोकळे होतात. तसं नसतं! प्रेशर खरंच गेलं असलं तरी वायर काढल्यावर लाईट विझणारच. या टेस्टने फक्त वायरिंग ठीक आहे एवढंच कळतं. स्विच खोटं बोलतोय की पंप मेलाय, हे सांगायला गेज लागतो.

गेज म्हणजे साधा मेकॅनिकल प्रेशर गेज, मेकॅनिककडे असतो. स्विच काढून त्याच आट्यात योग्य ॲडॅप्टरने गेज बसवा आणि इंजिन सुरू करा, सुई काही सेकंदांत उठली नाही तर लगेच बंद. उठली तर इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कारण थंड ऑईल जाड असतं आणि रीडिंग चांगलंच दाखवतं. ढोबळ हिशोब असा धरतात की दर १००० आरपीएमला १० पीएसआय तरी मिळावं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा तो खरा. गेजवर प्रेशर नीट असेल तर नवा स्विच टाका, स्वस्त पार्ट आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळू नका, या स्विचला अर्थ बॉडीतूनच मिळते, ती तुटली तर लाईट कधीच लागणार नाही.

गेजवर प्रेशर खरंच कमी आलं तर आधी स्वस्तातलं, चांगलं ऑईल आणि फिल्टर, मग परत मोजा. तरी कमीच असेल तर चेंबर खोलून जाळी बघायची, वर्षानुवर्षं ऑईल न बदललेल्या गाडीत काळा गाळ बसून ती अर्धी बंद झालेली असते. मग रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) अडकलाय का, मग पंप, आणि चेंबर खाली आहेच तर बेअरिंग पण तपासून घ्या. ऑईल घट्ट करणारी बाटली ओतून लाईट विझवणं मला अजिबात पटत नाही, झीज चालूच राहते, फक्त दिसत नाही.

पंप बदललात तर बसवताना त्यात ऑईल भरा. मग कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला काढून अर्थ करा, इंजेक्शनवाल्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, आणि थांबून थांबून, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, असा सेल मारा. लाल लाईट विझली की मगच वायर किंवा फ्यूज परत लावून इंजिन सुरू करा.