खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत कोणाला ठेवावे, आणि कोणाला आधी सोडावे

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे, तिला पाणी भरून पाच-सहा आठवडे झाले आहेत, पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे खारेपणाचे माप) १.०२५च्या आसपास व तापमान २५-२६ अंशांवर स्थिर आहे आणि अमोनिया व नायट्राइट या माशांच्या घाणीतून होणाऱ्या दोन्ही विषारी द्रव्यांच्या चाचण्या शून्य येत आहेत, असे मी येथे गृहीत धरतो. यांपैकी एखादी गोष्ट जुळत नसेल, तर माशांची निवड हा आपला आजचा प्रश्नच नव्हे. अशी टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर पाणी मावते. वाळू आणि खडक वजा जाता हाती दीडशे लिटर उरतात, आणि हिशेब याच दीडशे लिटरचा करायचा असतो.

सर्वप्रथम कायद्याने वर्ज्य असलेले प्राणी यादीतून काढून टाकावेत. समुद्रघोडे, कठीण प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि महाकाय शिंपले (जायंट क्लॅम) यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे ‘सगळेच विकतात’ हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नये. खडक कृत्रिमच घ्यावेत. क्लाउनफिश मात्र प्रजनन केंद्रात वाढलेलाच मागावा. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे, आणि असा मासा समुद्रातून पकडलेल्यापेक्षा टाकीत लवकर रुळतो व तयार खाद्य बिनतक्रार खातो.

पुढची चाळणी आकाराची. दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग पुढे फूटभर वाढतो; ‘मोठा झाला की बदलून घेऊ’ असे म्हणणाऱ्यांपैकी वेळेवर बदलणारा मला अद्याप भेटलेला नाही. लायनफिशच्या तोंडात जे मावते ते त्याचे अन्न असते, आणि ट्रिगरफिश कोळंबी व खेकडे फोडून खातो. मँडरिन मासा शांत आहे. परंतु तो खडकांवरचे अतिसूक्ष्म जीव दिवसभर टिपत राहतो आणि दीडशे लिटरच्या टाकीतील त्यांचा साठा तो पाहता पाहता संपवतो, म्हणून तोही नको.

आता खरी अवघड पायरी. कोणता मासा कोणाबरोबर राहतो हे सांगणारे हिरव्या, पिवळ्या आणि लाल चौकटींचे तक्ते सर्वत्र मिळतात, आणि माझे स्पष्ट मत असे की छोट्या टाकीसाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. तक्ता दोन जातींची नावे पाहतो. टाकीत आधी कोण आला, लपायला बिळे किती आहेत आणि दोघांना एकच कोपरा हवा आहे का, हे त्याला दिसत नाही. समुद्रात हरलेला मासा दहा हात दूर पळून जातो. तीन फुटांच्या टाकीत तो पळून पळून पलीकडच्या काचेपर्यंतच जाऊ शकतो.

हे मी किंमत मोजून शिकलो. माझ्या पहिल्या टाकीसाठी एका दुकानात मला ‘टाकी तयार करायला’ म्हणून तीन ठिपक्यांचा काळा डॅमसेल देण्यात आला. मासा इंचभर, स्वस्त आणि कशानेही न मरणारा. वास्तविक टाकी तयार करण्यासाठी, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तीत वाढवण्यासाठी, जिवंत माशाची गरजच नसते. कोळंबीचा तुकडा पाण्यात कुजू दिला तरी जिवाणूंना हवा तो अमोनिया मिळतो. दोन महिन्यांनी मी फायरफिश आणला. तक्त्यात ही जोडी पिवळ्या चौकटीत, म्हणजे ‘सावधगिरीने’ होती. तोपर्यंत डॅमसेलने संपूर्ण खडक स्वतःचा मानला होता. त्याने फायरफिशला एका वरच्या कोपऱ्यात दोन दिवस डांबून ठेवले, आणि तिसऱ्या सकाळी फायरफिश टाकीबाहेर जमिनीवर मिळाला. नंतर आणलेल्या कार्डिनलचे शेपूट आठवडाभरात झडले. अखेर डॅमसेलला पकडण्यासाठी मला सगळे खडक बादलीत काढावे लागले, आणि वाळू ढवळल्यामुळे पुढचा आठवडा टाकी गढूळ राहिली ती वेगळीच.

म्हणून आता मी मजल्यांच्या हिशेबाने मासे निवडतो. तळाला, वाळूत, एक पिवळा वॉचमन गोबी. खडकाच्या मधल्या कपारींसाठी एक रॉयल ग्रामा. मोकळ्या पाण्यासाठी एक फायरफिश, आणि वरच्या अंगाला ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी. एकूण पाच, आणि येथे थांबावे. अमुक लिटरला अमुक इंच मासा हा गोड्या पाण्यातून उचललेला नियम येथे लावू नये, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि भांडण हे इंचांवर नव्हे, तर जागेवर होते. एकाच मजल्यावर, एकाच ठेवणीचे दोन मासे ठेवू नयेत. ग्रामा असेल तर डॉटीबॅक नको, कारण दोघांना तीच कपार हवी असते. सिक्स-लाइन रास (wrasse) हा मासा बहुतेक याद्यांमध्ये ‘योग्य’ म्हणून दाखवलेला असतो. माझ्या टाकीत मात्र तो पुन्हा येणार नाही.

क्लाउनफिशच्या बाबतीत दोन लहान, पण एकमेकांहून थोडे कमी-अधिक आकाराचे मासे घ्यावेत. या जातीत सर्व मासे प्रथम नर असतात आणि दोघांतील मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जुळते. तिसरा घेतला तर दोघे मिळून त्याला मारतात. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल (सी अॅनिमोन हा प्राणी) त्यांना टाकीत लागतेच असे नाही. नव्या टाकीत समुद्रफूल टाकणे हा तर वेडेपणाच आहे, कारण ते जागा बदलत फिरते आणि पंपात अडकून चिरडले की त्याच्यासोबत टाकीतील इतरांचाही जीव धोक्यात येतो.

सोडण्याचा क्रम स्वभावावरून ठरवावा आणि त्यात घाई करू नये. सर्वांत भित्रा मासा पहिला, म्हणजे फायरफिश आणि त्याच्याबरोबर गोबी. दोन-तीन आठवड्यांनी ग्रामा, आणि आणखी तितक्याच अवधीनंतर क्लाउनफिश. मधल्या काळात भित्र्याला आपले बीळ मिळते, आणि वाढलेली घाण पचवण्याइतके जिवाणूही वाढतात. नव्या माशाला पहिले दोन-तीन दिवस भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच टांगून ठेवावे आणि जुने मासे डब्यावर धडका मारायचे थांबले की दिवे मालवून सोडावे. जुना मासा फारच तापट असेल, तर सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलावी; सगळेच भाडेकरू नवे झाले की घरमालक कोणी उरत नाही. झाकण म्हणून बारीक जाळी हवीच.

प्रत्येक मासा टाकीत येण्यापूर्वी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण ते मुख्य टाकीत कदापि घालू नये. खडक ते शोषून ठेवतात, आणि कोळंबी व गोगलगायी त्याने मरतात.

अपृष्ठवंशीय प्राण्यांची निवड त्या मानाने सोपी आहे. शेवाळासाठी पाच-सहा ट्रोकस गोगलगायी आणि वाळूसाठी तीन-चार नसारियस पुरतात. हर्मिट खेकडे दोन-तीनच घ्यावेत व त्यांच्यासाठी थोडे मोठे रिकामे शंख ठेवावेत, नाहीतर ते शंखासाठी गोगलगायीलाच मारतात. क्लीनर कोळंबीची जोडी गुण्यागोविंदाने राहते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर कोळंबी मात्र नर-मादीची खात्रीची जोडी नसेल तर एकटीच ठेवावी. गोबीसोबत पिस्टल कोळंबी घ्यावी असा माझा आग्रह आहे. तिला जेमतेम दिसते. ती बीळ खोदते, गोबी दारात पहारा देतो आणि तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. ती रात्री पंजाने असा ‘टक्’ आवाज काढते की काच तडकली असे समजून मी एकदा दिवा लावून टाकीभोवती फिरलो होतो. ती वाळू उपसते, म्हणून खडक वाळूवर नव्हे, थेट तळाच्या काचेवर टेकलेले असावेत. वाळू उपसणारा तारामासा घेऊ नये. एवढ्या वाळूत तो काही महिन्यांत उपाशी मरतो.

कोळंबी टाकीत सोडताना क्षारतेतील फरक तिला माशापेक्षा अधिक बाधतो, म्हणून तास-दीड तास थेंबाथेंबाने पाणी मिसळावे. सकाळी वाळूवर तिचे पोकळ कवच दिसले तर ती मेली असे समजून दुकानात धावू नये; तिने कात टाकलेली असते आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत ती खडकामागे दडून राहते.

इतके करूनही एखादा दांडगा निघालाच, तर जाळी घेऊन त्याच्या मागे लागू नये. लिटरच्या बाटलीचा निमुळता भाग कापून तो उलटा आत बसवावा, तळाशी थोडे खाद्य ठेवून बाटली वाळूवर आडवी करावी आणि बाकीचे खाद्य बंद करावे. दांडगा मासा हावराही असतो, त्यामुळे साधारणपणे पहिला तोच आत शिरतो. माझ्या डॅमसेलच्या वेळी मला ही बाटली माहीत नव्हती.